विहिरीच्या तळाशी पूर्व दिशा

यंदाही चैत्र सरता सरता ती मशीन आमच्या घरावरून गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लोखंडी दांड्यांची मोळी, मागे रबरी नळ्यांची वेटोळी, त्यांवर बसलेले दोन गडी, तोंडाला रुमाल बांधलेले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात दांड्या एकमेकींवर आपटत होत्या. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. तो खणखणाट वळणापलीकडे विरेपर्यंत मी एकाच बातमीची एकच ओळ वाचत राहिलो, आणि ती कशाबद्दल होती हे आता विचाराल तर सांगता येणार नाही.

मंगरूळपीरच्या आसपास उन्हाळा लागला की नाही हे पंचांगात पाहावं लागत नाही. विहिरी तळाला जातात आणि आडव्या बोअरचा हंगाम सुरू होतो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आटलेल्या विहिरीच्या तळाशी मशीन उतरवायची, तिचं तोंड भिंतीकडे करायचं आणि खडकात हात जाईल एवढं भोक पाडत शे-दीडशे फूट आडवं जायचं. वाटेत पाण्याची चीर लागली तर विहिरीला पाणी. नाही लागली तर विहिरीला भोक. सगळा प्रश्न तोंड कोणत्या दिशेला केलं याचा असतो.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मला आधी वासानं आठवतो. त्या वर्षी हळदीचं काम लांबलं होतं. शेताशेतांत कंद शिजत होते, लोखंडी ड्रमांतून वाफ निघत होती आणि संध्याकाळी साऱ्या शिवारावर तो ओलसर, औषधी, थोडा उग्र वास पसरून राहायचा. पाणी कुठेच नव्हतं, पण वाफ होती. दुसरी आठवण आवाजाची. लग्नसराई जोरात होती. वरातीपुढच्या डीजेच्या भिंती इतक्या उंच झाल्या होत्या, की रस्त्यावरच्या विजेच्या तारा काठीनं वर उचलायला एक माणूस पुढे चालायचा. नवरदेवापेक्षा त्याच्यावरच जबाबदारी मोठी होती, पण त्याला फेटा कोणी बांधत नसे. आणि तिसरी आठवण सावलीची, म्हणजे सावली नसल्याची. मे महिन्याच्या मध्यानंतर काही दिवस आमच्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. माणूस आपल्याच सावलीवर उभा राहतो. मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. दरवर्षी त्या दिवसांत शाळेला सुट्टी असायची, म्हणून हा धडा मी फळ्यावर शिकवत आलो. सूर्य डोक्यावर असताना त्याच्याकडून दिशा कळत नाही, असं मी खडूनं लिहीत असे. पोरं उतरवून घेत असत.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि पुण्याच्या लेकीनं मनगटी घड्याळ पाठवलं. ते वेळ सांगतं, हे त्याच्या गुणांपैकी सगळ्यात शेवटचं. नाडी मोजतं, पावलं मोजतं, हवेचा दाब सांगतं, आपण समुद्रापासून किती उंचावर आहोत ते सांगतं. वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला या शेवटच्या माहितीची किती निकड असते ते मी सांगायला नको. दर तासाला ते मला उठून उभं राहायला सांगायचं. तीस वर्षं मी दुसऱ्यांना उभं केलं होतं, त्याची ही परतफेड असावी. आणि त्यात होकायंत्र होतं.

होकायंत्र आधी जुळवावं लागतं. बटण दाबून धरलं की पडद्यावर एक आडवा आठ येतो, तो आपण हवेत काढायचा. मनगट फिरवत, वर-खाली, डावी-उजवीकडे. पट्टी भरत जाते आणि भरली की घड्याळ हाताला हलकासा झटका देतं, म्हणजे झालं. मी पहिल्यांदा हे गच्चीवर केलं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सर, हाताले मुंग्या आल्या काय?"

त्या दिवशी घड्याळानं दर्ग्याचा मिनार भलत्याच दिशेला दाखवला. मला कारण लगेच कळलं. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया असतात. लोखंडाजवळ जुळवलं, की यंत्र ते लोखंडच धरून चालतं आणि पुढचा सगळा हिशोब त्यावरून करतं. मी गावाबाहेरच्या पडीत वावरात गेलो, मोटारसायकल लांब उभी केली, खिशातल्या किल्ल्या काढून दगडावर ठेवल्या आणि पुन्हा आठ काढले. मिनार जागेवर आला. हे मी एवढं सविस्तर लिहितो आहे ते यासाठी, की मला माहीत होतं. पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

न जुळवलेलं यंत्र थरथरतं, हे मी त्या दिवसांत पाहिलं. आकडा एका जागी ठरत नाही, पडद्यावर सूचना येत राहते. त्यात एक प्रामाणिकपणा असतो. चुकीच्या जागी जुळवलेलं मात्र शांत असतं. ते एकच आकडा दाखवतं, ठाम. सभांच्या व्यासपीठांवर मी अशी बरीच माणसं पाहिली होती आणि त्यांची घरी येऊन टिंगलही केली होती.

भास्कर माझा जुना विद्यार्थी. गावापासून तीन किलोमीटरवर त्याचा भाजीचा मळा. वांगी, गवार, पालक आणि सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. मळा पूर्वी दोघा भावांचा एकत्र होता. मोठा भाऊ गेला, वाटण्या झाल्या, मधल्या बांधावर सीताफळीची रांग राहिली. इकडची मोठी विहीर भास्करकडे आली, तिकडची लहान विहीर त्याच्या वहिनीकडे, गिरजाबाईंकडे. गिरजाबाईंचे अठरा वाफे होते. सगळे सांभार आणि पालकाचे. त्या पहाटे जुड्या बांधायच्या, सकाळच्या ऑटोनं बाजारात न्यायच्या आणि दहाच्या आत परत येऊन वाफ्यांत बसायच्या. त्यांची विहीर लहान, पण तिला आटणं माहीत नव्हतं. भर उन्हाळ्यातही चार हात पाणी असायचं. भास्करची मोठी विहीर त्या वर्षी चैत्रातच कोरडी पडली.

भास्करला पाणाड्या बोलवायचा होता. हातावर नारळ आडवा धरून वावरभर चालणारा आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी म्हणणारा एक इसम शेलूबाजारच्या बाजूला होता. मी भास्करला दम दिला.

"तू माझा विद्यार्थी ना? नारळाला विचारून विहीर खणणार?"

"मंग कोणाले इचारू, सर?"

"डोक्याला विचार. तुझ्या पूर्वेला नाला आहे. नाल्यावर बंधारा आहे. बंधाऱ्याच्या पोटात ओल असणारच. सरळ पूर्वेला बोअर घे."

हे म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. फक्त माझी पूर्व पूर्वेला नव्हती.

मशीन मंगरूळच्या सलीमभाईंची. पन्नाशीचा बारीक माणूस, खडकाच्या भुकटीनं भुवया कायमच्या पांढऱ्या. विहिरीत वर्षं काढलेल्या माणसाचा एक आवाज असतो, वर आल्यावरही तो खालून बोलल्यासारखाच बोलतो. त्यांनी वर उभं राहून नाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, वरतून दोरी ताणतो. नाल्याच्या सिधमध्ये. दोरीले दोन ओळंबे बांधून खाली सोडतो. दोन ओळंब्याच्या लाइनीत मशीन बसवली का झालं. दस मिनिटाचं काम हाय."

पद्धत बिनचूक होती. वरची दिशा विहिरीच्या तळाशी उतरवायची याहून चांगली रीत मला आजही सुचत नाही. पण भोवती दहा-बारा माणसं जमली होती, त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी, आणि माझ्या मनगटावर ते घड्याळ होतं.

"सलीमभाई, उपग्रहाच्या काळात दोरी?" मी म्हणालो.

होकायंत्राचा उपग्रहाशी काडीचाही संबंध नाही. हे मी आठवीला शिकवलेलं आहे. तरी बोललो. लोक हसले. सलीमभाई हसले नाहीत, ते म्हणाले, "जशी तुमची मर्जी," आणि लोखंडी शिडीवरून खाली गेले. मागून मी उतरलो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पंचेचाळीस फूट खोल विहिरीत उतरणाऱ्या माणसाचं कौतुक काठावरून ऐकू येत होतं, आणि ते मला ऐकू यावं म्हणूनच मी हळूहळू उतरत होतो.

तळाशी भट्टी होती. चारही बाजूंना काळा दगड, मध्ये गुडघाभर गाळ वाळून पापुद्रे झालेला, वर आकाशाची थाळी आणि त्या थाळीच्या बरोबर मध्यावर सूर्य. सावली पायाखाली. गोल विहिरीत उभं राहून स्वतःभोवती दोनदा वळलं, की माणसाला आपण कुठून उतरलो हेही सांगता येत नाही. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला दांड्यांची मोळी, मध्ये मी. मी बटण दाबलं. आकडा थरथरला. शंभर, सत्तर, एकशे दहा. जुळवून घ्या, अशी सूचना आली.

घड्याळ नको म्हणत होतं, त्याहून स्पष्ट ते काय म्हणणार? तेव्हा वर येऊन दोरी ताणा म्हणायला हवं होतं. वर दहा-बारा डोकी थाळीच्या कडेवर ओळीनं वाकलेली होती. मी तिथंच, मशीन आणि दांड्यांच्या मध्ये उभं राहून, हवेत आठ काढायला सुरुवात केली.

"सर कायले हात हलवून राह्यले?" वरून कोणीतरी विचारलं.

"सेटिंग करून राह्यले, बे. चूप राय," दुसरा म्हणाला.

पट्टी भरली. मनगटाला झटका बसला. आकडा थांबला. नव्वद. ठाम, स्थिर, शांत नव्वद. मी भिंतीवर खडूनं फुली मारली. तीस वर्षांच्या सवयीनं खडू खिशातच असायचा.

मशीन सुरू झाली की विहीर ही विहीर राहत नाही, घशासारखी होते. आवाज बाहेर जात नाही, तो भिंतीवरून फिरत राहतो. पांढरी भुकटी, मग राखाडी, मग पुन्हा पांढरी. मी वर येऊन बाभळीखाली बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दांड्यावर दांडी जोडत सलीमभाई एकशेचाळीस फूट गेले आणि भुकटी ओली झाली. मग चिखल आला. मग भोकातून आधी लाल, मग गढूळ, मग नितळ पाणी मनगटाएवढ्या धारेनं गाळात पडायला लागलं.

भास्करच्या बायकोनं काठावर हळद-कुंकू वाहिलं. भास्करनं माझ्या अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, शाल. मी ती घेतली. फोटो निघाला, तो सगळ्या ग्रुपांवर फिरला, खाली कोणीतरी 'विज्ञाननिष्ठ गुरुवर्य' असं लिहिलं. लोकांच्या अंगावरच्या शाली मोजण्यात माझी हयात गेली होती. माझ्या अंगावर पडली तेव्हा मला ती ऊबदार वाटली, एवढंच सांगतो.

संध्याकाळी मी मळ्यातून चालत निघालो. पश्चिमेला सूर्य टेकला होता. उगाच, नव्या खेळण्याशी खेळावं तसं, मी घड्याळ सूर्याकडे धरलं. मेमध्ये आमच्याकडे सूर्य पश्चिमेच्या बऱ्याच उत्तरेला मावळतो. घड्याळानं तो पश्चिमेच्या दक्षिणेला दाखवला, जिथं तो डिसेंबरात मावळतो. मी थांबलो. पुन्हा धरलं. घड्याळाच्या मते पौष महिना चालू होता. चाळीस अंशांचा फरक.

मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि काडीनं धुळीत आकृती काढली. भास्करची विहीर. पूर्वेला नाला. पूर्वेपासून चाळीस अंश दक्षिणेकडे वळलेली रेघ, एकशेचाळीस फुटांची. ती रेघ नाल्याकडे जात नव्हती. ती सीताफळीच्या बांधाखालून जात होती आणि तिच्या टोकापासून थोड्याच अंतरावर मला आणखी एक गोल काढावा लागला. गिरजाबाईंची विहीर.

दूरच्या शेतातून हळदीचा वास येत होता. मी पायानं आकृती पुसली.

तीन दिवसांनी गिरजाबाईंची मोटर हवा ओढायला लागली. सहाव्या दिवशी विहिरीचा तळ दिसला. त्या भास्करकडे आल्या तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो.

"भाऊजी, माह्या हिरीचं पाणी गेलं."

"उन्हाळा हाय, वयनी. कोणाची हीर राह्यली?"

"माही राह्यली होती. दरसाल राह्यते."

"यंदाचा उन्हाळा जास्त हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मी बशी तोंडाला लावली. चहा कधीचा संपला होता.

गप्प बसायला कारणं लागतात आणि शिकलेल्या माणसाकडे ती भरपूर असतात. मी पुष्कळ वाचलं त्या महिन्यात. जमिनीखालचं पाणी कोणाचं, यावर जगात एकमत नाही, हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या काळ्या दगडातच लोहाचा अंश असतो आणि तो होकायंत्राला चकवतो, हे तर मला आधीच माहीत होतं. त्यावर मी सगळा दोष टाकून पाहिला. चीर एकच असेल कशावरून, असंही म्हणून पाहिलं. मग एका सकाळी पडीत वावरात जाऊन, किल्ल्या दगडावर ठेवून, घड्याळ पुन्हा नीट जुळवलं. ते लगेच जुळलं. तेवढ्यानं मला सुटल्यासारखं वाटलं, आणि हीच त्या उन्हाळ्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट असावी. माझं यंत्र दुरुस्त झालं होतं. वाफे वाळत होते.

सांभार वाळतो तेव्हा आधी कडेनं जांभळा होतो. मग खाली बसतो. शेवटी त्याला हात लावला, की वास येतो आणि पानं हातात उरत नाहीत. अठरा वाफ्यांचा तो वास मी बांधावरून घेतला आहे.

पावसाळ्यात त्यांच्या विहिरीत थोडं वरचं पाणी आलं आणि दिवाळीपर्यंत गेलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वाफे केलेच नाहीत. भास्करच्या मळ्यात रोजानं निंदायला आणि जुड्या बांधायला येऊ लागल्या. त्यांच्या हातची जुडी सुटत नाही, म्हणून भास्करनं आग्रहानं बोलावलं होतं. तो वाईट माणूस नाही. वहिनीला त्यानं कधी उलटं बोललेलं मी ऐकलं नाही. दुपारची भाकर त्या भास्करच्या घरच्यांबरोबरच खायच्या. त्यांच्या विहिरीत पडायचं ते पाणी आता पलीकडे दुसऱ्याच्या सांभाराला जात होतं आणि त्या सांभाराच्या जुड्या त्याच बांधत होत्या. मी आठवड्याला जायचो, भाजी घ्यायचो. "सरले ताजी द्या, वयनी," भास्कर म्हणायचा. त्या ताजी द्यायच्या.

यंदा मशीन घरावरून गेली त्याच संध्याकाळी भास्करचा फोन आला.

"सर, उद्या या तुमी. सलीमभाईले बोलावलं. त्याच बाजूनं अजून एक बोअर पाडतो, जरासं खालून. तिकडं पाणी भरपूर हाय. तुमच्या हातची दिशा पाह्यजे."

माझ्या हातची दिशा. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. गिरजाबाईंच्या विहिरीत एक डबकं उरलं होतं. दोन हंडे निघतील एवढं, प्यायचं. जरासं खालून आणखी एक भोक म्हणजे तेही जाणार.

सकाळी मी घड्याळ न घालता गेलो. गिरजाबाई मळ्याच्या कडेला पोत्यावर बसून जुड्या बांधत होत्या. मी समोर उकिडवा बसलो. कसं सांगायचं ते रात्रभर ठरवलं होतं, तसं काही झालं नाही.

"गिरजाबाई, दोन वर्षांपूर्वीचं बोअर पूर्वेला गेलं नाही. माझ्या चुकीनं ते तुमच्या विहिरीकडे गेलं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. केळीचं सोपट गुंडाळलं, गाठ मारली, जुडी बाजूला ठेवली.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"पाणी इकून गेलं आन् तिकून निंगालं. त्याले काय शिकाव लागते काय, सर?" त्यांनी पुढची जुडी घेतली. "मी बोलली असती तं जाऊ-जाऊचं भांडण झालं असतं. तुमी बोलले असते तं खरं झालं असतं. म्हणून मी त्या दिवशी तुमच्याकडं पाह्यलं होतं."

मी खाली पडलेलं सोपट उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"आता चाला," त्या उठत म्हणाल्या. "भाऊजी हिरीवर हायेत. मशीन उतरायच्या आधी सांगा."

विहिरीच्या काठावर भास्कर होता, सलीमभाई होते, शिडी लावलेली होती. मी सांगितलं. गच्ची, सळया, दांड्या, सूर्य, धुळीतली आकृती, सगळं. वर्गात शिकवताना कधी मी इतका स्पष्ट नव्हतो. सलीमभाईंनी शिडीवरचा पाय परत घेतला.

"दुसऱ्या दिवशी मले शक आला होता," ते खाली पाहत म्हणाले. "भुकटीचा रंग नाल्याकडचा नव्हता. पण सरनं फुली मारली होती."

भास्करनं हात करून मळ्याच्या पलीकडे दाखवलं. तिथं संत्र्याची रोपं होती, दोन वर्षांची, कमरेएवढी, पानं तुकतुकीत.

"सर, तुमी त्याच संध्याकाळी सांगतलं असतं तं मी सकाळी लाकडाचा गुल्ला ठोकून सिमेंट भरलं असतं. वयनीची शपथ. पण आता मी ह्या पाण्याच्या भरोशावर झाडं लावले. भोक बुजवलं तं हे मरतात. तुमीच सांगा, काय करू?"

दोन वर्षं उशिरा सांगितलेलं खरं कोणाच्याच उपयोगाचं उरत नाही; ते फक्त सांगणाऱ्याला हलकं करतं, आणि मी तेवढाही हलका झालो नव्हतो.

"नवीन बोअर नाही पाडत," भास्कर म्हणाला. "सलीमभाई, मशीन न्या वापस. आन् वयनी, तुमाले पाळी देतो. हप्त्यातून दोन दिवस, दोन-दोन तास. माह्या मोटरवरून पाइप टाकून देतो तुमच्या वाफ्यात."

गिरजाबाई त्याच्याकडे पाहत होत्या. "माह्याच पाण्याची मले पाळी, भाऊजी?"

सलीमभाईंचा गडी दांड्या मोजत होता, तो थांबला. बाहेर रस्त्यावर ऑटोवाल्यानं जुड्यांसाठी हॉर्न दिला. गिरजाबाईंनी पदर खोचला.

"पह्यली पाळी कोण्या दिवशीची?" त्यांनी विचारलं.

"सोमवारची."

सोमवारी मी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. गिरजाबाईंनी अठरापैकी अठरा वाफे मोकळे केले होते. दोन वर्षांची घट्ट जमीन एकटीनं कुदळीनं फोडलेली दिसत होती, ढेकळं अजून तशीच होती. धणे पायाखाली रगडून दोन-दोन केलेले, टोपलीत भिजवून ठेवलेले. अकराला लाइन आली. पलीकडे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, पाइप फुगत फुगत बांधावरून आला आणि पाणी पहिल्या वाफ्यात पडलं.

ते पुढे जाईना. दोन वर्षं कोरडी राहिलेली काळी जमीन पाणी वाहू देत नाही, भेगांतून खाली नेते. पहिल्या वाफ्यानंच पाऊण तास घेतला. ढेकळं फुटत होती, बुडबुडे येत होते, पाणी पुन्हा खाली जात होतं. गिरजाबाई फावड्यानं बारं, म्हणजे वाफ्यांची तोंडं, फोडत, बांधत होत्या. दुसरा वाफा भिजला. तिसऱ्याच्या शेवटच्या हातभर जागेपर्यंत पाणी पोचत होतं तेवढ्यात पलीकडची मोटर बंद झाली. दोन तास झाले होते. भास्कर वेळेचा पक्का आहे. पाइप हळूहळू चपटा झाला.

त्या उरलेल्या हातभर जागेत गिरजाबाईंनी पाइपातलं राहिलेलं पाणी झटकलं. मग टोपली घेऊन पहिल्या वाफ्याशी आल्या. उरलेल्या पंधरा वाफ्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पाहत होतो, आणि काहीतरी म्हणायला हवं म्हणून पुढे सरकलो.

"सर, तिथून निंगा," त्या म्हणाल्या. "वाफ्यात पाय नका देऊ."

मी पाय काढला. ओल्या मातीत चपलेचा खोल ठसा राहिला. त्यांनी वाकून तो हातानं सारखा केला आणि त्यावर धणे टाकले.